जेम्स फॉर्सिथ

कॅप्टन जेम्स फॉर्सिथ (१८३८ – १ मे १८७१) हे ब्रिटिश भारतातील लष्करी व मुलकी अधिकारी, वनाधिकारी, प्रवासवर्णनकार आणि शिकारी बंदुकांचे अभ्यासक होते. सातपुड्यातील पचमढीचे पठार त्यांनी १८६२ मध्ये पाहिले व त्याची माहिती सरकारदरबारी पोहोचवली. पुढे ते निमाड जिल्ह्याचे जमाबंदी अधिकारी व डेप्युटी कमिशनर झाले. बऱ्हाणपूर व असीरगड ही जुन्या खानदेशाची केंद्रे याच जिल्ह्यात होती. रायफलच्या नळीचा पीळ आणि गोळीचा आकार यांचा परस्परसंबंध मांडणारा त्यांचा ग्रंथ शिकारी रायफलींच्या इतिहासात महत्त्वाचा मानला जातो. ‘द हायलँड्स ऑफ सेंट्रल इंडिया’ हे त्यांचे मध्य भारतातील अरण्ये, आदिवासी व वन्यजीव यांवरील पुस्तक त्यांच्या मृत्यूच्या वर्षीच प्रसिद्ध झाले. फॉर्सिथ यांचे आडनाव मराठी व हिंदी लेखनात फोरसिथ, फोरसाइथ असेही आढळते.

पार्श्वभूमी

फॉर्सिथ यांनी विद्यापीठीय शिक्षण घेऊन एम. ए. ही पदवी मिळवली व त्यानंतर ते भारतात आले. बंगाल स्टाफ कोअरमध्ये त्यांची नेमणूक होती आणि पुढे ते कॅप्टनच्या हुद्द्यापर्यंत पोहोचले. त्या काळी स्टाफ कोअरमधील अधिकाऱ्यांना मुलकी कामावर पाठवण्याची पद्धत होती. त्यानुसार फॉर्सिथ यांच्या सेवेचा मोठा भाग पलटणीत न जाता जंगल व महसूल या खात्यांत गेला.

त्यांच्या सेवेचा काळ मध्य भारताच्या दृष्टीने संक्रमणाचा होता. १८५८ च्या ऑक्टोबरअखेर तात्या टोपे नर्मदा ओलांडून सातपुड्यात उतरले आणि पाठलाग करणाऱ्या इंग्रजी फौजांना चुकवत डोंगरांतून फिरत राहिले. या प्रदेशाचे भरवशाचे नकाशे आपल्याकडे नाहीत आणि तेथील गोंड व कोरकू ठाकुरांवर आपला प्रत्यक्ष ताबा नाही, ही गोष्ट सरकारच्या तेव्हा प्रकर्षाने ध्यानात आली. १८६१ मध्ये नागपूरचे पूर्वीचे भोसले राज्य आणि सागर-नर्मदा प्रदेश एकत्र करून मध्य प्रांत स्थापन झाला. १८६२ पासून सर रिचर्ड टेंपल यांनी या प्रांताच्या मुख्य आयुक्तपदाची सूत्रे सांभाळली. हेच टेंपल पुढे मुंबईचे गव्हर्नर झाले. जंगलांची पाहणी, जमिनीची मोजणी व महसुलाची निश्चिती ही कामे त्यांच्या कारकिर्दीत झपाट्याने सुरू झाली. फॉर्सिथ हे या कामातील तरुण अधिकाऱ्यांपैकी एक होते.

वनखात्यातील सेवा व पचमढी

प्रांताचे पहिले वनसंरक्षक कॅप्टन पिअरसन यांच्या हाताखाली फॉर्सिथ सहायक वनसंरक्षक झाले. काही काळ त्यांनी प्रभारी वनसंरक्षक म्हणूनही काम पाहिले. जानेवारी १८६२ मध्ये ते महादेव डोंगररांगेच्या पाहणीसाठी निघाले व पचमढीच्या पठारावर पोहोचले. पर्यटनविषयक लेखनात या घटनेचे साल अनेकदा १८५७ असे दिले जाते, पण फॉर्सिथ यांच्या स्वतःच्या वृत्तांताशी ते जुळत नाही. ‘शोध’ हा शब्दही येथे मर्यादित अर्थानेच घ्यावा लागतो. महादेवाच्या यात्रेसाठी दूरदूरचे, विशेषतः विदर्भातील, भाविक या डोंगरात पूर्वापार येत होते आणि पठारावर कोरकू ठाकुराची सत्ता होती. फॉर्सिथ यांच्या भेटीनंतर या जागेची इंग्रजी दप्तरात नोंद झाली. पुढे तेथे लष्करी छावणी व प्रांताच्या सरकारचे उन्हाळी ठाणे वसले.

पचमढीत त्यांनी बांधलेले घर ‘बायसन लॉज’ या नावाने ओळखले जाते. गव्याला त्या काळचे इंग्रज ‘बायसन’ म्हणत, त्यावरून हे नाव पडले. पचमढीतील ही इंग्रजी अमदानीतील आरंभीची वास्तू असून तिचे पुढे संग्रहालयात रूपांतर झाले. पठाराच्या कड्यावरील एका जागेला त्यांच्या नावावरून ‘फॉर्सिथ पॉइंट’ म्हणत. आता ती ‘प्रियदर्शिनी’ म्हणून ओळखली जाते.

१८६२ ते १८६४ या काळात त्यांनी प्रांताचा मोठा भाग पालथा घातला. नर्मदेच्या खोऱ्यातून ते अमरकंटकपर्यंत गेले आणि तेथून छत्तीसगडच्या मैदानापलीकडील सालवनांपर्यंत पोहोचले. या प्रवासात त्यांनी केलेले एक निरीक्षण आजही उल्लेखनीय ठरते. मध्य भारताच्या पश्चिम भागात सागाचे व पूर्व भागात सालाचे प्राबल्य आहे. मात्र पचमढीखालच्या देनवा नदीच्या खोऱ्यात सालाचा एक लहान, मुख्य पट्ट्यापासून फार दूर तुटलेला तुकडा आहे. पूर्वेकडील सालवनांत आढळणारे बारशिंगा आणि लाल रानकोंबडा हे प्राणी या एकाकी तुकड्यातही आहेत, असे फॉर्सिथ यांनी नोंदवले. वनस्पती व प्राणी यांची प्रादेशिक वाटणी एकमेकांशी बांधलेली असते, हे दाखवणारे हे लवकरचे उदाहरण होय. पुढे या भागातून बारशिंगा नाहीसा झाला. २०१५ पासून कान्हा येथील बारशिंगे सातपुडा व्याघ्र प्रकल्पात आणून सोडण्यात आले.

निमाड व खानदेश

फारुकी घराण्याच्या काळात (१३८२–१६०१) खानदेशाची राजधानी बऱ्हाणपूर येथे होती आणि असीरगड हा या राज्याचा मुख्य आधार होता. १६०१ मध्ये अकबराने असीरगड घेतल्यावर मोगलांच्या खानदेश सुभ्याचा कारभारही बऱ्हाणपुरातूनच चाले. इंग्रजी अमलात मात्र या प्रदेशाची विभागणी झाली. १८१८ नंतर तापी खोऱ्याचा पश्चिमेकडील भाग मुंबई इलाख्यात जाऊन धुळे हे खानदेश जिल्ह्याचे ठाणे झाले. पुढे १९०६ मध्ये या जिल्ह्याचे पूर्व खानदेश (जळगाव) व पश्चिम खानदेश (धुळे) असे दोन भाग झाले. शिंद्यांकडून मिळालेले बऱ्हाणपूर निमाडला जोडले गेले. निमाड जिल्हा १८६४ मध्ये मध्य प्रांतात आला व खांडवा हे त्याचे मुख्य ठाणे बनले. रावेर व यावल या तालुक्यांच्या उत्तरेची सातपुड्याची रांग आणि बऱ्हाणपूरकडील जंगले हा भूगोलाच्या दृष्टीने एकच सलग प्रदेश आहे. दोन प्रांतांची सीमा मात्र त्यातून गेली.

या निमाड जिल्ह्याची जमाबंदी फॉर्सिथ यांनी केली. प्रत्येक गावची जमीन मोजणे, मगदुरानुसार तिची प्रतवारी लावणे, मालकी व कुळांचे हक्क ठरवून दप्तरात नोंदवणे आणि दीर्घ मुदतीसाठी सारा कायम करणे, असे या कामाचे स्वरूप होते. शेजारच्या मुंबई इलाख्यात सरकार थेट रयतेकडून सारा घेई, तर मध्य प्रांतात मालगुजारी पद्धत रुजवली जात होती. त्यामुळे तापीकाठच्या एकाच प्रकारच्या शेतकऱ्याला सीमेच्या दोन बाजूंना दोन निराळ्या महसूल व्यवस्थांना तोंड द्यावे लागे. निमाडच्या जमाबंदीवरील फॉर्सिथ यांचा अहवाल जिल्ह्याच्या इतिहासाचे साधन म्हणून अभ्यासकांनी वापरला आहे.

याच सुमारास मुंबईहून भुसावळ व खांडव्यामार्गे जबलपूरला जाणारा लोहमार्ग बांधला जात होता. मार्च १८७० मध्ये तो पूर्ण होऊन मुंबई व कलकत्ता रेल्वेने जोडली गेली. रुळांखालच्या स्लीपरांसाठी सागाला प्रचंड मागणी आली. जंगलांवर नियंत्रण येण्यापूर्वी ठेकेदारांनी कशी बेसुमार तोड केली आणि तोडलेल्या लाकडाचा मोठा भाग जागीच कसा वाया गेला, याचे वर्णन फॉर्सिथ यांनी केले आहे.

रायफलविषयक विचार

फॉर्सिथ यांचे सर्वांत स्वतंत्र कार्य बंदुकीच्या नळीसंबंधी आहे. ‘द स्पोर्टिंग रायफल अँड इट्स प्रोजेक्टाइल्स’ हा त्यांचा ग्रंथ १८६० च्या दशकाच्या आरंभी, म्हणजे त्यांच्या वयाच्या पंचविशीच्या आसपास, प्रसिद्ध झाला.

रायफलच्या नळीत आतून सर्पिल खाचा पाडलेल्या असतात. या खाचांमुळे गोळीला स्वतःभोवती फिरकी मिळते व ती सरळ जाते. त्या काळात लष्करी रायफलींसाठी लांबट, शंकूच्या आकाराची गोळी सर्वत्र स्वीकारली जात होती. लांबट गोळी हवेत आडवी होऊ नये म्हणून तिला वेगाने फिरवावे लागते, आणि त्यासाठी खाचांचा पीळ घट्ट ठेवावा लागतो. १८५३ च्या एन्फिल्ड रायफलमध्ये ७८ इंचांत एक फेरा होता, जॉन जेकब यांच्या रायफलमध्ये ३० इंचांत एक, तर जोसेफ व्हिटवर्थ यांच्या रायफलमध्ये २० इंचांत एक. अशा रायफली दूरच्या निशाणावर अचूक होत्या. त्यामुळे शिकाऱ्यांनीही त्याच वापराव्यात, असा प्रचलित मतप्रवाह होता.

फॉर्सिथ यांनी या मताला विरोध केला. त्यांच्या प्रतिपादनाचा आधार जंगलातील प्रत्यक्ष परिस्थिती हा होता. सैनिकाला शेकडो यार्डांवर मारा करायचा असतो आणि अंतर अजमावायला त्याला वेळ मिळतो. शिकाऱ्याला जनावर बहुधा १५० यार्डांच्या आत, झाडीतून क्षणभर दिसते आणि अंतर नजरेनेच ठरवावे लागते. जड व मंद गोळीच्या बाबतीत हा अंदाज थोडा चुकला तरी नेम चुकतो. नळीतून सुटताच गोळी जमिनीकडे पडू लागते. निशाणापर्यंत जायला तिला अर्धा सेकंद लागला, तर ती सुमारे १.२ मीटर खाली येते. तेच अंतर तिने सेकंदाच्या एक-तृतीयांशात कापले, तर ही घट सुमारे अर्ध्या मीटरवर येते. म्हणून शिकारी रायफलमध्ये गोळीचा वेग सर्वांत महत्त्वाचा, असा त्यांचा निष्कर्ष होता. नेम चुकण्याचा अर्थ त्या काळच्या शिकारीत जनावर निसटणे एवढाच नव्हता. जखमी वाघ झाडीत शिरला की हाक्याला आलेल्या गावकऱ्यांच्या जिवावर बेतत असे.

वेग वाढवण्यासाठी दारूचे प्रमाण वाढवावे लागते. परंतु घट्ट पिळाच्या नळीत जास्त दारू घातली, तर मऊ शिशाची गोळी खाचांचा मार्ग सोडून त्यांवरून सरळ घसरते. तिला फिरकी मिळत नाही व नेम बिघडतो. फॉर्सिथ यांनी यावर सुचवलेला उपाय साधा होता. गोल गोळीला पुढचे-मागचे टोक नसते, त्यामुळे ती आडवी होण्याचा प्रश्नच उद्भवत नाही. तिच्या पृष्ठभागावरील व वजनातील किरकोळ दोष सर्व बाजूंना सारखे वाटले जावेत, एवढ्यापुरतीच तिला फिरकी हवी असते. म्हणून खाचांचा पीळ अतिशय सैल ठेवावा, मोठ्या व्यासाची गोल गोळी कापडाच्या चिंधीत गुंडाळून ठासावी आणि दारू भरपूर भरावी, असे त्यांनी मांडले. चौदा बोराच्या नळीसाठी त्यांनी सुमारे १०४ इंचांत एक फेरा एवढा सैल पीळ सांगितला. म्हणजे नेहमीच्या लांबीच्या नळीत गोळीचा पाव-एक फेराच पुरा होई. एक पौंड शिशात चौदा गोळ्या बसतात तो चौदा बोर. त्याची गोळी सुमारे ३२ ग्रॅम वजनाची व साडेसतरा मिलिमीटर व्यासाची असते.

या विचाराची मर्यादाही स्पष्ट होती. गोल गोळीला हवेचा अडथळा जास्त होतो आणि तिचा वेग लवकर ओसरतो. त्यामुळे लांब पल्ल्यावर लांबट गोळीच सरस ठरते. फॉर्सिथ यांची शिफारस जवळच्या अंतरावरील मोठ्या जनावराच्या शिकारीपुरती होती. लष्करी रायफल व शिकारी रायफल यांची गरज वेगळी असल्यामुळे त्यांच्या नळ्याही वेगळ्या पद्धतीने कापल्या पाहिजेत, हे त्यांच्या ग्रंथाचे मुख्य सूत्र होते.

फॉर्सिथ यांच्या हयातीतच बंदुकीचे स्वरूप बदलू लागले होते. ठासणीच्या बंदुकीत दारू व गोळी तोंडाकडून गजाने ठासली जाते. दारू किती घालायची, हे प्रत्येक वेळी शिकारी ठरवू शकतो. मागून भरायच्या बंदुकीत धातूचे काडतूस आले आणि ते बसवण्यासाठी नळीच्या मागच्या टोकाला ‘चेंबर’ कापणे आवश्यक झाले. चेंबर कापण्याच्या हत्याराला रीमर म्हणतात. त्याच्या अंगावर लांबीच्या दिशेने धारा असतात आणि नळीत फिरवताना तो थोडे थोडे पोलाद खरवडून काढतो. प्रथम एका रीमरने बरेचसे धातू काढून ओबडधोबड आकार दिला जातो. नंतर दुसऱ्या, अचूक मापाच्या रीमरने चेंबर पुरे केले जाते. चेंबर संपून खाचा सुरू होतात तो लहानसा उतार, म्हणजे ‘थ्रोट’, काही कारागीर तिसऱ्या स्वतंत्र रीमरने कापतात. असे केल्याने काडतुसाचे चेंबर तेच ठेवून, वापरायच्या गोळीच्या लांबीनुसार तिच्यापुढची मोकळी जागा कमी-जास्त करता येते. चेंबर सैल झाले तर काडतुसाचे पितळ फुगून फाटण्याचा धोका असतो. गोळी नळीच्या अक्षात बसली नाही, तर नेम जातो.

चेंबर व काडतूस आल्यावर दारूचे प्रमाण निश्चित झाले. हलक्या लांबट गोळीला भरपूर दारूने वेग देणाऱ्या ‘एक्स्प्रेस’ रायफली १८७० नंतर लोकप्रिय झाल्या आणि गोल गोळीची रायफल मागे पडली. जास्त वेग, सपाट मार्ग व शिकारीच्या अंतराला साजेशी नळी ही फॉर्सिथ यांनी मांडलेली उद्दिष्टे या नव्या रायफलींनीच निराळ्या मार्गाने साधली. त्यांचे दुसरे तत्त्व आजही कारागिरांच्या कामात टिकून आहे. आधी गोळी ठरवावी आणि मग तिच्या मापाने पोलाद कापावे, हे ते तत्त्व होय. एका विशिष्ट गोळीसाठी रायफल घडवणारा कारागीर निराळा थ्रोट-रीमर वापरतो तेव्हा तो हेच करत असतो. याउलट लष्करी उत्पादनात सर्व काडतुसे व सर्व चेंबरे एका ठरावीक मापाची ठेवावी लागतात. जळगाव जिल्ह्यातील वरणगाव येथे १९६४ मध्ये स्थापन झालेल्या आयुध निर्माणीत लहान शस्त्रांची काडतुसे अशाच ठरीव मापांनुसार बनतात. ठासणीच्या सैल पिळाच्या रायफलींची हौस असलेले परदेशातील नेमबाज आजही अशा नळीला फॉर्सिथ यांच्या नावाने ओळखतात.

वन्यजीव व आदिवासींविषयीचे लेखन

‘द हायलँड्स ऑफ सेंट्रल इंडिया’ या ग्रंथात नर्मदा खोरे, महादेव डोंगर, सागवनांचा प्रदेश, वाघ, नर्मदेचा वरचा भाग आणि सालवने यांवर प्रकरणे आहेत. फॉर्सिथ यांनी वाघांचे तीन प्रकार मानले: रानातील जनावरांवर जगणारा, गुरे मारणारा आणि नरभक्षक. यांपैकी पहिला वाघ हरणे व नीलगाई यांची संख्या आटोक्यात ठेवून पिकांचे रक्षणच करतो, असे त्यांचे मत होते. वाघ दिसताच तो मारावा व सरकारी बक्षीस घ्यावे, या तत्कालीन धोरणाच्या पार्श्वभूमीवर हे मत वेगळे ठरते. तथापि त्यांनी स्वतः अनेक वाघ मारले. बैतूल भागात बरीच माणसे मारणाऱ्या एका वाघाच्या शिकारीचे वर्णन या पुस्तकातील गाजलेला भाग आहे.

गोंड समाजातील लिंगो या पुराणपुरुषाचे कथागीत नागपूरचे मिशनरी स्टीफन हिस्लॉप यांनी संकलित केले होते. हिस्लॉप यांचा १८६३ मध्ये बुडून मृत्यू झाल्यावर टेंपल यांनी त्यांचे कागद १८६६ मध्ये प्रसिद्ध केले. फॉर्सिथ यांनी या कथेचे इंग्रजी पद्यरूप आपल्या ग्रंथात एका स्वतंत्र प्रकरणात दिले. गोंड व कोरकू यांना दारूच्या व सावकाराच्या विळख्यात अडकवणाऱ्या मध्यस्थांवर त्यांनी टीका केली आहे.

मृत्यू

फॉर्सिथ यांचे १ मे १८७१ रोजी लंडन येथे निधन झाले. तेव्हा त्यांचे वय अवघे ३३ वर्षांच्या आसपास होते. ‘द हायलँड्स ऑफ सेंट्रल इंडिया’ त्या वेळी छपाईत होते. छापील पुस्तक त्यांना पाहायला मिळाले नाही.

मूल्यमापन

फॉर्सिथ यांच्या लेखनात बारकाईचे निरीक्षण आणि वसाहतवादी दृष्टी यांचे मिश्रण आढळते. ज्या लोकांच्या वाटाड्यांशिवाय त्यांचा प्रवास अशक्य होता, त्यांना ते मागास समजत. झाडे तोडून व जाळून त्या राखेत पेरणी करण्याची ‘दहिया’ पद्धत त्यांना जंगलाचा नाश करणारी वाटे. डोंगरातील लोकांचा उदरनिर्वाह मात्र तिच्यावरच चाले. १८६५ च्या वनकायद्याने व त्यानंतरच्या कायद्यांनी जंगले राखीव झाली, तसा आदिवासींचा त्यांवरील वहिवाटीचा हक्क आक्रसत गेला. सातपुड्याच्या महाराष्ट्रातील व मध्य प्रदेशातील दोन्ही उतारांवर वनहक्कांचा प्रश्न पुढे दीर्घकाळ धगधगत राहिला, त्याची मुळे या काळातील निर्णयांत आहेत. दुसरीकडे, राखीव क्षेत्रांमुळेच सागाची काही जंगले ठेकेदारांच्या कुऱ्हाडीपासून वाचली, हेही नाकारता येत नाही.

शिकारीच्या बाबतीतही असाच विरोधाभास दिसतो. रायफल जितकी वेगवान व अचूक होत गेली, तितकी वन्यप्राण्यांची संख्या झपाट्याने घटली. एकेकाळी वाघांसाठी प्रसिद्ध असलेल्या खानदेशातून वाघ जवळजवळ नाहीसा झाला. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने वाघाच्या शिकारीवर बंदी आली आणि पुढच्याच वर्षी सुरू झालेल्या व्याघ्र प्रकल्पाच्या आरंभीच्या क्षेत्रांत सातपुड्यातील मेळघाटाचा समावेश झाला. बारशिंगा, रानकोंबडा, गवा व वाघ यांच्या जुन्या वसतिस्थानांचा मागोवा घेणारे अभ्यासक आज फॉर्सिथ यांच्या ग्रंथाकडे एकोणिसाव्या शतकातील सातपुड्याची नोंदवही म्हणून पाहतात.

ग्रंथसंपदा

द स्पोर्टिंग रायफल अँड इट्स प्रोजेक्टाइल्स – शिकारी रायफलींची नळी, पीळ व गोळी यांविषयी
निमाड जिल्ह्याच्या जमाबंदीचा अहवाल – शासकीय प्रकाशन
द हायलँड्स ऑफ सेंट्रल इंडिया (१८७१) – मध्य भारतातील अरण्ये, आदिवासी, वन्यजीव व शिकार यांविषयी